परत आलेल्यांसाठी

युद्धाच्या इतिहासात तुमच्या वाट्याला एकच वाक्य आलं. मे १९४२ च्या अखेरीस शत्रूने पकडून वाळवंटात सोडून दिलेले सहाशेहून अधिक हिंदी सैनिक लिबियातल्या बीर हाकीमच्या ठाण्यावर पोहोचले आणि तिथली पाण्याची टंचाई आणखी वाढली. एवढंच. पुढच्या ओळीत रणगाडे येतात, विमानं येतात, सेनापतींचे निरोप येतात. त्या वाक्यात तुम्ही लढलेले नाही आहात, दमलेले नाही आहात, वाचलेलेही नाही आहात. टंचाईचं कारण म्हणून तेवढे आहात. मला त्या वाक्यापाशी थांबायचं आहे. पान उलटायची घाई नाही.

कागदावर तुम्ही तिसरी हिंदी मोटर ब्रिगेड. तीन जुने रिसाले: दुसरे रॉयल लान्सर्स, अकरावी कॅव्हलरी, अठरावी कॅव्हलरी. जोडीला तोफांसाठी दुसरी हिंदी फील्ड रेजिमेंट. जाट, राजपूत, शीख, डोगरे, पंजाबी मुसलमान. आज्या-पणज्यांच्या काळापासून घोड्यावर मांड टाकून चाकरी करत आलेली घरं. युद्धाने घोडे काढून घेतले आणि ट्रक दिले, पण हुद्दे जुनेच राहिले: सवार, दफादार, जमादार, रिसालदार. वर्षभर आधी, एप्रिल १९४१ मध्ये, मेकिलीच्या जुन्या किल्ल्याभोवती याच ब्रिगेडला जर्मन सेनापती रोमेलच्या फौजेचा वेढा पडला होता. दुसऱ्या लान्सर्सचे मेजर राजेंद्रसिंहजी आपल्या तुकडीसह तो वेढा फोडून बाहेर पडले. या महायुद्धात डीएसओ हे लष्करी पदक मिळवणारे ते पहिले हिंदी अधिकारी, आणि पुढे स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख. पण मेकिलीला पकडले गेलेलेही पुष्कळ होते. त्यांच्या जागी गावाकडून नवी पोरं आली, ब्रिगेड पुन्हा उभी राहिली आणि पुन्हा वाळवंटात गेली. कैद म्हणजे काय, हे तुम्ही एव्हाना ऐकून होतात.

समुद्रकाठच्या गझालापासून दक्षिणेला वाळवंटात साठ-पासष्ट किलोमीटर सुरुंगांचे पट्टे पेरले होते, आणि मधूनमधून सैन्याची ठाणी. शेवटचं टोक बीर हाकीम. कोरड्या पडलेल्या टाक्या, तुर्कांच्या काळातल्या किल्ल्याचे अवशेष, भोवती सुमारे ५० हजार सुरुंग, आणि आत जनरल कोएनिग यांची स्वतंत्र फ्रेंच ब्रिगेड. तिथे रेषा संपत होती. तुम्ही तिच्याही पलीकडे होतात, आग्नेयेला काही किलोमीटरवर, रुग्बेत अल अताश नावाच्या उघड्या माळावर. रोमेल वळसा घालून ज्या वाटेने येणार होता, नेमके त्या वाटेवर. त्या जागी येऊन तुम्हाला फार दिवसही झाले नव्हते. वर वाळूचा पातळ थर आणि खाली खडक, अशा जमिनीत मोर्चे खणायला वेळ लागतो. तो मिळाला नाही. तुमच्याकडे स्वतःचे रणगाडे नव्हते.

बुधवार, २७ मे. सकाळी साडेसहाच्या सुमारास इटलीच्या आरिएते डिव्हिजनचे रणगाडे माळावर आले. तुमचे तोफखान्यातले सोबती तोफेच्या नळीसमोर रणगाडा येईपर्यंत गोळे डागत राहिले. त्यातल्या एका बॅटरीचे मेजर कुमारमंगलम यांना त्या दिवसासाठी डीएसओ मिळाला. तेही पकडले गेले, इटलीला नेले गेले, पळाले, पुन्हा सापडले आणि युद्ध संपेपर्यंत जर्मनांच्या ताब्यात राहिले. १९६६ साली तेही भारताचे लष्करप्रमुख झाले. त्या एका सकाळी चारशेच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली, हजाराच्या आसपास कैद झाली. सूर्य पुरता वर यायच्या आत ब्रिगेड संपली होती.

लढाईचं वर्णन करणारे बहुतेक जण इथून पुढे रणगाड्यांच्या मागे जातात. मी तुमच्या मागे येतो.

पकडलं जाणं हा प्रसंग फार थोड्या वेळाचा असतो. आता आता तुमच्या हातात बंदूक होती, पुढच्या क्षणी हात वर आहेत आणि त्या हातांचं काय करायचं हे दुसरा कोणी ठरवणार आहे. रिसालदारांना आपल्या माणसांपुढे हात वर करावे लागले असतील. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना सरळ उभं राहायला शिकवलं, त्याला त्याच पोरांसमोर उकिडवं बसवलं गेलं असेल. मरणाची तयारी फौजेत करून घेतात, न बोलता का होईना. या गोष्टीची तयारी कुणी करून घेत नाही. सवाराला वाटत असणार, मी जिवंत आहे हे चांगलं झालं की वाईट? घरी कळेल तेव्हा काय कळेल? शेजारी पडलेल्या मित्राकडे वळून बघायची परवानगी होती का?

आणि मग पाणी. वाळवंटातल्या युद्धात माणसाच्या आधी रेडिएटरला पाणी लागतं. ब्रिटिशांचे पाण्याचे डबे पातळ पत्र्याचे, हादऱ्याने फुटणारे, कोपऱ्यातून गळणारे. शत्रूचे जाड पोलादी कॅन त्यांना हवेहवेसे वाटत. २७ तारखेनंतर रोमेलची फौज सुरुंगांच्या पट्ट्यापलीकडे येऊन स्वतःच अडकली होती. तिच्या मागच्या वाटा तुटल्या होत्या, पाणी आणि पेट्रोल पोहोचत नव्हतं. एका कैदी अधिकाऱ्याने रोमेलकडे तक्रार केली की आम्हाला प्यायला पाणी मिळत नाही. रोमेलने सांगितलं, माझ्या सैनिकांना आणि मला जेवढं मिळतं तेवढंच तुम्हाला मिळतं आहे, अर्धा कप. हे फार दिवस चालणार नाही, हेही त्याने कबूल केलं. डेस्मंड यंग यांनी रोमेलच्या चरित्रात हा प्रसंग सांगितला आहे. यंग हिंदी सैन्यातले ब्रिगेडियर होते आणि त्याच लढाईत पुढे तेही पकडले गेले होते, त्यामुळे त्यांना त्या अर्ध्या कपाची किंमत कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मे महिन्यातलं लिबिया. अर्धा कप म्हणजे जीभ भिजते आणि तहान जागी होते. तोंडातली लाळ चिकट होते, बोलताना ओठ दातांना धरतात. नमाज पढणाऱ्याने वजूसाठी वाळू वापरली असेल, त्याच्या धर्माने तशी सवलत दिलेली आहे. केस विंचरून पागोटं बांधणाऱ्या शिखाने त्या केसांतली वाळू तशीच राहू दिली असेल. अर्ध्या कपातला घोट जखमी सोबत्याच्या ओठाला कुणी लावला असेल, आणि कुणी लावलाही नसेल. न लावणाऱ्यालाही मी दोष देणार नाही. तिथे नसलेल्या माणसाने तो देऊ नये.

शेवटी त्यांनी तुम्हाला सोडून दिलं. याला दया म्हणायचं का? पाण्याविना माणसाला वाळवंटात मोकळं सोडणं ही दया नव्हे, तो हिशेब होता. कैदी ठेवला तर त्याला पाजावं लागतं, पहारा द्यावा लागतो, ट्रकमध्ये जागा द्यावी लागते. तरीही त्यांनी गोळ्या घातल्या नाहीत, आणि त्याच युद्धात इतरत्र कैद्यांचं काय झालं हे माहीत असलेल्याला ही गोष्ट लहान वाटणार नाही. पण सुटका मात्र ही नव्हती. पहारेकऱ्याने जा म्हणून हात केला आणि समोर कुठेच काही नव्हतं. झाड नाही, टेकडी नाही, धूर नाही. मागे वळून पाहिलं तर बंदूक अजून रोखलेली आहे की खाली केली आहे? पहिली शंभर पावलं पाठीवर गोळी येईल या धास्तीत पडली असतील. त्यानंतर धास्ती बदलली असेल. आता कुणीच आपल्याला मारणार नाही, हीच भीती.

मला त्या रात्रींचं आकाश दिसतं, कारण त्याचा हिशेब मांडता येतो. बीर हाकीमचा अक्षांश अमृतसरच्या अक्षांशाएवढाच, साडेएकतीस अंशांच्या थोडं वर. साताऱ्याकडून ध्रुव जेमतेम वीतभर उंचीवर दिसतो, तिथे तो जवळपास दुप्पट वर असतो. अकराव्या कॅव्हलरीतल्या पंजाबच्या पोरांना तो अगदी घराच्या गच्चीवरून दिसायचा तेवढ्याच उंचीवर दिसला असणार. सगळं परकं असताना उत्तर दिशा तेवढी ओळखीची. कुणीतरी दफादार त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाला असेल, उजेडात बसा, अंधारात चला. पण अंधार तरी कुठे होता? ३० मेला पौर्णिमा होती. आपल्या पंचांगात ती अधिक ज्येष्ठाची पौर्णिमा. रोमेलने चढाईसाठी हेच चांदणं निवडलं होतं, आणि आता त्याच चांदण्यात तुम्ही चालत होतात, पांढऱ्या माळावर काळ्या सावल्या टाकत, दुरून कुणालाही दिसतील असे.

धोंड्याचा महिना वर्षात असतो आणि नसतोही. त्यात लग्न-मुंजी लागत नाहीत, सण येत नाहीत, तो वरून घातलेला असतो. तुमचे ते तीन-चार दिवस तुमच्या नोकरीत तसेच राहिले. लढाईच्या हिशेबात ते बसत नाहीत कारण तुमच्या हातात शस्त्र नव्हतं. कैदेच्या हिशेबात बसत नाहीत कारण तुम्ही कुठल्या छावणीत पोहोचला नाहीत, तुम्हाला कैद्याचा नंबर मिळाला नाही, रेडक्रॉसचं पार्सल मिळालं नाही. आधी बेपत्ता, मग परत हजर. दोन नोंदींच्या मधल्या कोऱ्या जागेत माणसाचं आयुष्य उलटंपालटं होऊन गेलं.

परतणाऱ्याला सगळ्यांत मोठा धोका आपल्याच माणसांकडून असतो. शत्रूच्या दिशेने वाळवंटातून माणसांचा एक घोळका चालत येतो आहे, असं पहाऱ्यावरच्या शिपायाला दिसतं. त्याचं बोट चापावर असतं. तो फ्रेंच बोलतो, फार तर अरबी, किंवा आफ्रिकेतली एखादी बोली. तुम्ही हिंदुस्थानी आणि पंजाबी. मधे सुरुंग, आणि ते नेमके कुठे पुरले आहेत हे त्याला माहीत, तुम्हाला नाही. मी आपला आहे, हे माणूस दुरून कसं सांगतो? हात वर करून? पण हात वर करणं तर आधीच्या दिवसांत शत्रूसमोर झालं होतं. पागोट्यांवरून ओळखलं असेल का त्यांनी तुम्हाला? काही असो, गोळ्या सुटल्या नाहीत. सुरुंगांतून वाट दाखवायला कुणीतरी पुढे आलं, आणि तुम्ही एकामागोमाग एक, पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकत आत आलात. सहाशे माणसं. ही ओळ आत यायला किती वेळ लागला असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

आत कोण होतं, हेही सांगायला हवं. फ्रेंच ब्रिगेड म्हणतात, पण त्यात पॅरिसची माणसं थोडी. परदेशी लीजनचे स्पॅनिश होते, ज्यांचा स्वतःचा देश फ्रँकोच्या हातात गेला होता. मध्य आफ्रिकेतल्या उबांगी-शारीची काळी पलटण होती. ताहिती आणि न्यू कॅलेडोनियाहून आलेली पॅसिफिक बेटांवरची पोरं होती, ज्यांनी जन्मभर चहूकडे समुद्र पाहिला होता. मुख्य फ्रान्स जर्मनांनी आणि त्यांच्याशी हातमिळवणी केलेल्यांनी गिळलेला. कुणाचंच घर आपलं नव्हतं, आणि तिथे ज्यांचं पाणी मोजून मिळत होतं त्यांनी ते तुम्हाला दिलं. इतिहासकार ज्याला टंचाई म्हणतात ती ही गोष्ट आहे. उबांगीच्या शिपायाच्या वाटणीचं पाणी जाट सवाराच्या घशाखाली उतरलं. कुठल्या साम्राज्याच्या कुठल्या तहात असं लिहिलेलं नव्हतं. या प्रसंगातलं एकच दृश्य प्रत्यक्ष पाहायला मिळालं असतं, तर मी हे मागितलं असतं.

३१ तारखेला वाळवंटातून ट्रकचा ताफा पाणी घेऊन आत आला. परत जाताना त्या ट्रकांतून तुम्ही निघालात. तुमच्याबरोबर गंभीर जखमी निघाले, आणि फ्रेंचांनी पकडलेले सुमारे अडीचशे कैदीही. तुमची ब्रिगेड बुडवून आरिएतेचे रणगाडे २७ तारखेलाच बीर हाकीमवर चालून गेले होते आणि तिथल्या सुरुंगांत आणि तोफांसमोर त्यांची वाताहत झाली होती. तिथे हाती लागलेले इटालियन आता कैदी होते. म्हणजे ज्यांनी बुधवारी तुम्हाला पकडलं, त्यांतलेच काही रविवारी तुमच्याच ताफ्यात होते, फरक एवढाच की पहारा आता त्यांच्यावर होता. कुणी कुणाला ओळखलं असेल का? ओळखलं असेल तर डोळे चुकवले असतील की बिडीचं थोटूक पुढे केलं असेल? मला दुसरं खरं मानावंसं वाटतं. अर्धा कप पाण्यावर दोघेही जगले होते.

फ्रेंचांना मात्र अजून बसायचं होतं. त्यांनी शरणागतीचे निरोप परत पाठवले, पुढे दहा दिवस तोफा आणि विमानांचा मारा सोसला आणि १० जूनच्या रात्री वेढा फोडला. ३,७०० च्या आसपास माणसांपैकी सुमारे २,७०० बाहेर आले. त्यांचीही ती सुरुंगांतून, अंधारातून आपल्या माणसांकडे परत येण्याचीच वाट होती. त्यांना त्यांच्या देशाने विसरू दिलं नाही. पॅरिसमध्ये सीन नदीवरच्या एका पुलाला आणि मेट्रोच्या एका स्टेशनला बीर हाकीमचं नाव आहे. आयफेल टॉवरला जायला मेट्रोचं सगळ्यांत जवळचं स्टेशन तेच. आपल्याकडच्या सहली तिथे उतरतात. पुण्या-नाशिकचे आजी-आजोबा त्या फलकाखाली उभे राहून नातवाला फोन लावतात आणि पुढे निघतात. त्यांना कुणी सांगितलंच नाही, तर त्यांनी काय करावं?

२७ मेच्या त्याच सकाळी आणखी एक माणूस पकडला गेला होता. सातव्या चिलखती डिव्हिजनचे सेनापती जनरल मेसर्व्ही. हिंदी सैन्यातच वाढलेला घोडदळाचा अधिकारी. जर्मनांनी त्यांचं मुख्यालय गाठलं तेव्हा त्यांनी खांद्यावरची हुद्द्याची चिन्हं काढून टाकली आणि आपण अधिकाऱ्याचा साधा नोकर असल्याची बतावणी केली. या वयाचा माणूस लढाईत कसा, असं एका जर्मनाने विचारल्याचं सांगतात. लवकरच ते निसटले आणि आपल्या फौजेत परतले. ही गोष्ट मेसमधल्या टेबलांवर वर्षानुवर्षं रंगली, पुस्तकांत आली, आणि यायलाच हवी होती, कारण तिच्यात धैर्यही आहे आणि प्रसंगावधानही. अठराव्या कॅव्हलरीबरोबर हट्टाने आघाडीवर आलेले सत्तरीचे अॅडमिरल कॉवन याच मैदानात पकडले गेले, त्यांचीही कथा सापडते. जनरलची कैद म्हणजे किस्सा, अॅडमिरलची कैद म्हणजे किस्सा, आणि सहाशे सवारांची कैद म्हणजे पाण्याचा आकडा. हे मला सहन होत नाही. मेसर्व्हींनी हुद्दा काढून ठेवला आणि परत आल्यावर तो पुन्हा लावला. तुमच्याकडे काढून ठेवायला काही नव्हतं. तुम्ही जसे होतात तसे गेलात आणि तसेच परत आलात, म्हणून तुमची गोष्ट झाली नाही.

आणि परत म्हणजे तरी कुणाकडे? एप्रिलमध्ये वाटाघाटींसाठी आलेले ब्रिटिश मंत्री क्रिप्स रिकाम्या हाताने परत गेले होते. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं होतं आणि तिथे हजारो हिंदी सैनिक जपान्यांचे कैदी झाले होते. त्यांच्यातून मोहनसिंगांची आझाद हिंद सेना उभी राहत होती. तुम्ही वाळवंटातून बाहेर आल्यावर सव्वादोन महिन्यांनी मुंबईत गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला, साताऱ्याच्या खेड्यांत सरकारी कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. तुम्ही ज्या झेंड्याखाली परतलात तो उतरवायला तुमचा देश निघाला होता. तुमच्यातल्या किती जणांच्या मनात हे चालू होतं, ते तुमच्याबरोबर गेलं. पण भुकेल्या-तहानलेल्या माणसाची आपली बाजू झेंड्यावर ठरत नाही असं मला वाटतं. ती ट्रकमागे बसलेल्या तीन माणसांवर ठरते, शेजारच्या गावच्या पोरावर, आपल्याच रिसाल्याच्या जुन्या गाण्यावर. जे छावणीपर्यंत नेले गेले त्यांना, तू कुणाच्या बाजूचा, हा प्रश्न जर्मनीत उघड विचारला गेला. तुमची सुटका एवढ्या लवकर झाली की तो तुम्हाला विचारायला कुणाला सवडच मिळाली नाही.

तीन आठवडे उलटले नाहीत तोच आपल्या माणसांची पाळी आली. टोब्रुकच्या आग्नेय बाजूला अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती, ‘काली पांचवीं’ म्हणतात ती. देशावरची आणि कोकणातली पोरं. २० जूनला पहाटे आधी विमानांचा मारा झाला आणि मग रोमेलच्या मुख्य हल्ल्याचा पहिला लोंढा नेमका त्यांच्यावरच पडला. त्यांच्या मोर्चांवरून रणगाडे आत शिरले. दुसऱ्या दिवशी टोब्रुक शरण गेलं. तीस हजारांवर माणसं एका फटक्यात कैद झाली, त्यात तुमच्यासारखे चार दिवसांनी पांढऱ्या माळावरून परत येणारे फार थोडे. बाकीच्यांना उन्हातल्या तारेच्या पिंजऱ्यात, मग जहाजाच्या पोटात, मग इटलीतल्या छावण्यांत नेलं. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने हत्यार ठेवलं तेव्हा छावण्यांच्या फाटकांवरचा पहारा काही दिवस सैल झाला आणि कितीतरी हिंदी कैदी डोंगरात पांगले. तिथल्या शेतकऱ्यांनी जिवावर उदार होऊन त्यांना गोठ्यात झोपवलं, आपल्या भाकरीतली भाकरी दिली. पुष्कळ जण मात्र त्याआधीच जर्मनांनी आगगाडीत घालून उत्तरेला नेले. ज्या हिवाळ्यात हे चाललं होतं, त्याच हिवाळ्यात मराठ्यांची पहिली पलटण सांग्रो नदीच्या काठी लढत होती. एका पलटणीची माणसं दक्षिणेकडून वर चढत होती आणि दुसरीची उत्तरेकडे बंद डब्यांत जात होती, आणि दोघांच्या घरी पत्रं बेळगावच्या एकाच केंद्रातून जात होती. साताऱ्या-रत्नागिरीच्या घरांत तीन वर्षं तुळशीपुढे दिवा लागला तो मेलेल्यासाठी की जिवंतासाठी, हे लावणारीलाही माहीत नव्हतं.

एल अलामेनच्या दफनभूमीत, ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला त्या सहाशेहून अधिक सैनिकांसाठी वेगळं स्मारक आहे. त्यांची नावं तिथे आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. परत आलेल्याचं नाव क्वचितच कुठे कोरलं जातं. तो जिवंत आहे हेच त्याला मिळालेलं सगळं, असं सगळे धरून चालतात. पण वाळवंटातून आलेला माणूस सुट्टीवर घरी येतो, पोरं विचारतात किती गोरे मारले, किती रणगाडे फोडले, आणि त्याच्याकडे सांगायला काय असतं? हात वर केल्याचं? घोटभर पाण्यासाठी इटालियन पोराकडे बघत बसल्याचं? काळ्या माणसाने डबा पुढे केल्याचं? तो म्हणतो, तिकडे वाळू फार, आणि विषय बदलतो. तुमचं आयुष्य असं गप्प बसून गेलं, एवढ्याच गोष्टीसाठी मला रडू येतं. तुम्ही हरला होतात म्हणून नाही.

पाच वर्षांनी रिसाले वाटले गेले. अकरावी कॅव्हलरी पाकिस्तानच्या वाट्याला आली, दुसरे लान्सर्स आणि अठरावी कॅव्हलरी भारताच्या. नोकराची भूमिका करून निसटलेले मेसर्व्ही पाकिस्तानचे पहिले सरसेनापती झाले. एका ताफ्यातून बीर हाकीमहून निघालेल्या सवारांना आता कागदावर दोन देश होते. सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोटच्या आघाडीवर, उसाच्या उभ्या शेतांत, हेच रिसाले समोरासमोरच्या फौजांत होते, आणि या वेळी तिन्हींकडे रणगाडे होते. तुमच्यातला कुणी तोवर रिसालदार होऊन नोकरीत टिकला असेल, तर त्याच्या टप्प्यात आलेल्या रणगाड्यावर त्याच्याच जुन्या ब्रिगेडच्या रिसाल्याचं निशाण असू शकत होतं.